ईस्टर (सातारा–सांगली परिसर)

येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण. ख्रिस्ती वर्षातील सर्वांत जुना व मध्यवर्ती. मराठी मंडळ्यांत ‘पुनरुत्थान दिन’ किंवा नुसते ‘ईस्टर’ म्हणतात. कॅथलिकांत ‘पास्का’ हा शब्दही चालतो. राखेचा बुधवार, चाळीस दिवसांचा उपवासकाळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि मग ईस्टर हा क्रम परिचित आहे.

नाव : ‘ईस्टर’ची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. बीड या इंग्लिश मठवासी इतिहासकाराने इ. स. ७२५ च्या सुमारास कालगणनेवर ग्रंथ लिहिला. ‘इओस्टर’ नावाच्या देवीवरून अँग्लो-सॅक्सन लोकांच्या एका महिन्याला नाव पडले आणि तेच पुढे या सणाला चिकटले, असे तो म्हणतो. या देवीचा दुसरा समकालीन उल्लेख मिळत नाही. भाषाशास्त्रज्ञ याकोप ग्रिमने १८३५ मध्ये ‘ओस्टारा’ ही जर्मन देवी मांडली, तीही मुख्यतः बीडच्या विधानावर व भाषिक अनुमानावर. १९५८ मध्ये ऱ्हाईनलँडमध्ये ‘ऑस्ट्रिआहेने’ या मातृदेवतांना अर्पण केलेले दीडशेच्या आसपास लेख सापडले आणि बीडची बाजू थोडी सावरली. दुसरे मत शब्दाचा उगम थेट ‘पहाट’ या अर्थाच्या जर्मॅनिक शब्दात शोधते. या नोंदीत तेच ग्राह्य धरले आहे. बाबिलोनी इश्तारशी लावला जाणारा संबंध निव्वळ ध्वनिसाम्याचा आहे.

खरे तर हा वाद इंग्रजी आणि जर्मनपुरताच. बहुतेक युरोपीय भाषांत सणाचे नाव ‘पेसाह’ या ज्यू सणाच्या हिब्रू नावावरून आले आहे. मराठी बायबलात पेसाहला ‘वल्हांडण’ म्हटले आहे. ओलांडणे, वलांडणे या क्रियापदांशी त्याचे नाते कानालाच कळते. मिसर देशात इस्राएल लोकांनी दाराच्या चौकटीला कोकराचे रक्त लावले आणि मृत्यू ती घरे ओलांडून पुढे गेला, ही मूळ कथा. ईस्टरला ख्रिस्त स्वतःच मृत्यू ओलांडतो. हा अर्थ मराठी शब्दात जितका सरळ उतरतो तितका ‘ईस्टर’मध्ये उतरत नाही, तरीही बोलण्यात परका शब्दच रुळला.

तिथी : ज्यू पंचांगातील निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी सण करावा की रविवारीच, यावर दुसऱ्या शतकापासून मतभेद होते. ३२५ च्या नायसिया परिषदेने सर्वांनी एकाच रविवारी सण करावा असे ठरवले. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा नियम त्यातून पुढे स्थिरावला. ही पौर्णिमा आकाशातली नसून चर्चच्या कोष्टकातली असते. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येतो. पंचांग पाहणाऱ्यास ही पद्धत अवघड वाटू नये. बहुतेक वर्षी ईस्टर चैत्री पौर्णिमेच्या मागोमाग येतो. अधिकमासाचा फेर असा पडला की फाल्गुनी पौर्णिमेनंतर, जसा २०२४ मध्ये होळीनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला आला. २०१९ मध्ये उत्तम शुक्रवार आणि हनुमान जयंती १९ एप्रिल या एकाच दिवशी होती. एरवीही गावोगावच्या यात्रा आणि जोतिबाचा चैत्र याच दिवसांत असतात.

परिसर : साताऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकन मराठी मिशनने काम केले, वाईचे मिशन हॉस्पिटल त्याच परंपरेतले. सांगली-मिरजेकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन होते. डॉ. विल्यम वानलेस यांचे मिरजेतील रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले; वानलेसवाडी हे नाव त्यांचेच. १९७० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये हे दोन्ही प्रवाह मिळाले. दोहोंची मुळे प्युरिटन (साध्या उपासनेचा आग्रह धरणाऱ्या इंग्लिश प्रॉटेस्टंट) वळणाच्या पंथांत आहेत आणि त्या पंथांना सणवारांचे वावडे होते. न्यू इंग्लंडच्या जुन्या प्युरिटनांनी तर ईस्टर पाळलाच नाही. या भागातील ईस्टर मिरवणुकीपेक्षा उपासनेकडे झुकलेला आहे, त्याचे कारण बहुधा येथेच असावे. नारायण वामन टिळक अखेरच्या वर्षांत साताऱ्यास होते. ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ त्यांनी १९१७ मध्ये येथेच उभा केला. ओवी-अभंगांच्या चालीवरची त्यांची पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून पेटी-तबल्यावर आजही गायली जातात.

पहाटेची उपासना : उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर एकेक प्रवचन होते. रविवारची उपासना उजाडण्यापूर्वी, बऱ्याच ठिकाणी कबरस्तानातच. ही प्रथा मोरावियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांनी १७३२ मध्ये जर्मनीतील हेर्नहूट येथे सुरू केली, असे सामान्यतः मानतात. आदल्या दिवशी वाळलेले गवत काढून कबरींना चुना लावतात. पहाटे झेंडूची फुले आणि मेणबत्त्या. योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालिया मरीया अंधार असतानाच कबरेशी येते. उठलेला येशू तिला आधी माळी वाटतो. त्याने नावाने हाक मारल्यावर ओळख पटते. हाच भाग बहुधा वाचला जातो. मिरजेकडच्या अशा एका उपासनेत प्रस्तुत नोंदकाराने पाहिलेल्या एका आजींनी पदराने पतीच्या कबरीवरची अक्षरे पुसून घेतली. वाचन चालू होते, ‘मरीये’ हा शब्द आला, त्यांचा हात क्षणभर थांबला. पतीचे नाव त्यांनी उच्चारले नाही. त्या पिढीत ते घेत नसत.

उजाडल्यावर चहा होतो आणि मंडळी मटणाच्या तयारीला घरी पांगतात. अंड्यांची प्रथा उपवासकाळातील अंड्यांच्या निषेधातून आली असावी. ईस्टरची अंडी आणणारा ससा मूळचा जर्मन आहे. त्याचा जुना उल्लेख १६८२ चा. मुलांना रंगवायला उकडलेली अंडी देतात, सशाची गोष्ट मात्र येथे फारशी कोणी सांगत नाही.