खाज्याचा पांढरेपणा येतो कुठून?

२००९ साली काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ मध्ये बिबिंका या थरांच्या गोडाला. या दोघांच्या मधल्या काळात, फारसा गाजावाजा न होता, आपलं गोव्याचं खाजेही, म्हणजे साखरेच्या लेपातल्या तळलेल्या बेसनाच्या कांड्या, त्या यादीत जाऊन बसलं. फेणीचं आणि बिबिंकाचं कौतुक पर्यटक करतातच. खाजे मात्र घरचं, जत्रेतलं. म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा असो, शिरगावच्या लईराईची असो की जुन्या गोव्यातलं ३ डिसेंबरचं फेस्त, त्या ओबडधोबड कांड्यांची पुडी घेतल्याशिवाय घरी परतणं म्हणजे जत्रेला न गेल्यासारखंच. बेसन, साखर किंवा गूळ, आलं, तीळ आणि तळायला तेल. यातली एकही वस्तू महाग नाही, आणि महिनाअखेरीलाही बहुतेक स्वयंपाकघरांत सापडते. तरी खाजे विकतच आणायचं असतं, असं मानणारी घरं पुष्कळ. का, तर पाक जमत नाही. त्याला म्हणे हाताला गुण लागतो.

हाताला गुण असतोच, पण तो कसला हे नीट सांगता येतं. काही घरांत याच्याही पुढची कारणं ऐकू येतात. कुणाची तरी नजर लागली, पाळी चालू असलेल्या बाईने कढईत डोकावलं, म्हणून पाक फिरला. साखरेच्या रेणूला बघणारीची नजर कळत नाही, आणि पाळी तर नाहीच नाही. त्याला कळतात तीनच गोष्टी: पाणी किती उरलंय, तापमान किती आहे आणि शेजारी कोण आहे.

आधी पाण्याचं बघू. पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं आणि सगळं आटेपर्यंत तापमान तिथेच राहतं, हे शाळेत झालंय. त्यात साखर विरघळली की पाण्याच्या रेणूंना वाफ होऊन निसटणं अवघड जातं, म्हणून उकळायला जास्त तापमान लागतं. फ्रान्स्वा-मारी राउल्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात मोजमापं करून यामागचा नियम मांडला. पाक आटत जातो तसा त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो. गॅस मोठा केला म्हणून उकळता पाक एकदम जास्त तापत नाही, तो लवकर आटतो एवढंच. तापमान वर सरकतं ते पाणी निघून गेल्यामुळे. म्हणजे पाकात बुडवलेला थर्मामीटर खरं तर उरलेलं पाणी मोजत असतो. ढोबळमानाने ११० अंशांच्या आसपास पाकात ८० टक्के साखर असते, ११५ च्या आसपास ८५ टक्के आणि १५० ला ९८-९९ टक्के.

हे आकडे समुद्रसपाटीचे, म्हणजे आपल्या कामाचे. चोर्ला घाट चढून बेळगावला गेलात तर तिथे हवेचा दाब कमी, साधं पाणीच साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. गोव्यात जमलेला ११५ चा आकडा बेळगावच्या मावशीला फोनवरून दिलात तर तिचा पाक जास्त आटणार. तिने ११२.५ ला थांबायला हवं. तार बघणाऱ्या बाईला ही भानगडच नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यात तार ओढून ती पाकाचा दाटपणा तपासते, आणि तो दाटपणा साखर-पाण्याच्या प्रमाणावर ठरतो, हवेच्या दाबावर नाही. हाताचा गुण तो हाच. फक्त थेंब उलथन्यावरून घ्यावा आणि क्षणभर निवू द्यावा. उकळतं पाणी अंगावरून ओघळून जातं, हा पाक कातडीला चिकटून बसतो.

आता खरी मजा. पाव किलो बेसनाच्या खाज्याला २०० ग्रॅम साखर आणि १०० ग्रॅम पाणी घेतलं असं धरू. पाक आटवत ११५ अंशांपर्यंत, म्हणजे गोळी वळायच्या बेतापर्यंत आणला, तर कढईत साधारण ३५ ग्रॅम पाणी उरतं. गरम आहे तोवर २०० ग्रॅम साखर त्या एवढ्याशा पाण्यात विरघळून राहते. पण गोव्यातल्या नेहमीच्या तीस अंशांना १०० ग्रॅम पाण्यात साधारण २१५ ते २२० ग्रॅमच साखर मावते. म्हणजे ३५ ग्रॅम पाण्यात मावणार फार तर ७५ ग्रॅम. उरलेल्या सव्वाशे ग्रॅम साखरेला पाण्यात जागाच नाही. तिने बाहेर पडायला हवं, स्फटिक व्हायला हवं.

हवं, पण ती लगेच होत नाही. पाक निवत जातो आणि तरीही स्वच्छ, पारदर्शक राहतो. या अवस्थेला अतिसंपृक्त द्रावण म्हणतात. विल्हेल्म ऑस्टवाल्ड, ज्यांना १९०९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी या अधांतरी स्थितीचा अभ्यास केला होता. अधांतरी का? स्फटिक म्हणजे रेणूंची पंगत. प्रत्येकाचं पान ठरलेलं, तोंड कुठे करायचं तेही ठरलेलं. पहिल्या दहापाच जणांनी नीट बसल्याशिवाय ओळ दिसत नाही, आणि ओळ दिसल्याशिवाय बाकीचे बसत नाहीत.

हेच जरा काटेकोरपणे सांगायचं तर असं. काही रेणू योगायोगाने एकत्र येऊन छोटा पुंजका बनतो. पुंजक्याच्या आतल्या रेणूला सगळीकडून शेजारी मिळतात, त्याची ऊर्जा कमी होते, तो स्थिर होतो. पृष्ठभागावरच्या रेणूला एका बाजूने शेजारी नाहीत, त्याची किंमत मोजावी लागते. पुंजक्याची त्रिज्या वाढते तशी ही किंमत त्रिज्येच्या वर्गाने वाढते आणि फायदा घनाने. सुरुवातीला वर्ग भारी पडतो, म्हणून छोटे पुंजके बनतात आणि मोडतात. एका ठरावीक त्रिज्येच्या पुढे घन जिंकतो आणि मग तो पुंजका वाढतच जातो. ही क्रांतिक त्रिज्या पाकाच्या अतिसंपृक्ततेवर अवलंबून असते: पाक जितका जास्त अतिसंपृक्त तितकी ती लहान, म्हणजे तितके पुंजके टिकण्याची शक्यता अधिक. पण पाक फार थंड झाला तर तो इतका दाट होतो की रेणूंना हलताच येत नाही. दोन ओढींच्या मधे कुठेतरी स्फटिकांसाठी सर्वांत सोयीचा टप्पा असतो. ज्यांना वर्ग-घन नको असेल त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की पाकाला सुरुवात करून द्यावी लागते.

खाज्यात ती सुरुवात उलथनं करून देतं. तळून निवलेल्या कांड्या पाकात टाकायच्या, गॅस बंद करायचा आणि न थांबता परतत राहायचं. परतल्याने रेणू एकमेकांवर आदळतात आणि पहिले स्फटिक बनतात. मग उलथनं त्याच स्फटिकांचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकडा नव्या स्फटिकाचं बीज होतो. बघता बघता कढईतला पाक गढुळतो, मग दाणेदार होतो, मग कांड्या सुट्या होऊन खडखड वाजू लागतात. स्फटिक बनताना थोडी उष्णता बाहेर पडते, तिने उरलेल्या पाण्यातलंही थोडं उडून जातं आणि लेप कोरडा व्हायला मदत होते. खाज्याचा पांढरेपणा यातूनच येतो. रंगाचं द्रव्य तिथे कुठलंच नाही. हजारो बारीक स्फटिकांच्या कडांवरून प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो, तो आपल्याला पांढरा दिसतो.

परतणं हवं ते शेवटी. पाक आटत असताना ढवळलात, किंवा कढईच्या काठावर उडालेले साखरेचे कण तसेच राहू दिलेत, तर तेच कण खाली पडून बीज होतात आणि कांड्या टाकण्याआधीच पाक साखरतो. म्हणून साखर विरघळली की उलथनं बाजूला ठेवावं आणि काठ ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.

आता शेंगदाण्याची चिक्की बघा. तिथे आपल्याला हे सगळं नको असतं. पाक दीडशे अंशांच्या जवळ नेऊन पाणी जवळपास संपवायचं, ताटात ओतायचं, लाटायचं. तो इतक्या झपाट्याने दाट होतो की रेणूंना पंगत धरायला वेळच मिळत नाही. असतील तिथे, असतील तसे ते अडकून राहतात. याला काच म्हणतात, आणि हा शब्द पदार्थविज्ञानात अगदी याच अर्थाने वापरतात. खिडकीच्या तावदानातही अणूंची रचना अशीच बेशिस्त असते. घट्ट, पारदर्शक, दाताखाली कट्‌कन तुटणारी.

काचेचा एक तोटा आहे आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तो लगेच कळतो. कोरड्या साखरेची काच ६०-७० अंशांपर्यंत घट्ट राहते, त्याच्या वर मऊ पडते. पण हवेतलं पाणी शोषलं की ही मर्यादा भराभर खाली येते. चार टक्के पाणी शिरलं की ती तीस अंशांच्या आसपास उतरते, म्हणजे आपल्या स्वयंपाकघराच्या तापमानावर. चिक्की मग हाताला चिकटते, डब्यात एकमेकींना बिलगते. स्फटिक एवढा हळवा नसतो. शुद्ध साखरेचे स्फटिक हवेची आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या खाली असेल तोवर पाणी धरत नाहीत. उघड्या पुडीतलं खाजे जत्रेच्या धुळीत दिवसभर कोरडं राहतं ते यामुळे. जुलैत मात्र पणजीची आर्द्रता अनेकदा ८५ च्या वर असते, आणि तेव्हा खाजेही ओलसर होतं.

जत्रा पावसाळा सरल्यावर सुरू होतात आणि वैशाखापर्यंत चालतात, खाज्याचा हंगामही तोच. यावरून 'आपल्या पूर्वजांना आर्द्रतेचं विज्ञान ठाऊक होतं' असा संदेश कुणीतरी लिहायच्या आत सांगून टाकतो: पावसात मंडप आणि रथ चालत नाहीत, आणि शेताची कामं संपलेली असतात. पूर्वजांना अनुभव होता, आणि तो पुरेसा होता.

गुळाबद्दलही तेच. गुळाचं खाजे साखरेच्या खाज्याहून मला जास्त आवडतं. पण गूळ औषधी, निर्दोष, मधुमेह्यालाही चालतो, असं जे पसरवलं जातं ते खोटं आहे. गूळ ही मुख्यतः साखरच. मधुमेह असेल तर हात तितकाच आखडता हवा. गुळाचा वेगळेपणा पाकात दिसतो. त्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि क्षार असतात. हे रेणू साखरेच्या पंगतीत घुसतात पण त्यांचा आकार जुळत नाही, त्यामुळे ओळ मोडते. म्हणून गुळाची चिक्की सहज साखरत नाही, आणि म्हणूनच गुळाच्या खाज्याला पाक थोडा पुढे न्यावा लागतो आणि जास्त वेळ परतावं लागतं. साखरेच्या पाकात लिंबू पिळल्यावरही हेच होतं: आम्लामुळे साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. गुलाबजामच्या पाकात लिंबू चालेल. खाज्याच्या पाकात चुकूनही नको.

कृती आता दोन ओळींत उरकते. पाव किलो बेसनात दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन आणि चिमूटभर मीठ घालून पीठ घट्ट मळावं, बोटभर लांबीच्या कांड्या कराव्यात आणि मध्यम आचेवर तळाव्यात. तेलातले बुडबुडे म्हणजे कांडीतलं पाणी. ते जवळजवळ थांबले की कांडी तळली गेली. पूर्ण निवल्याशिवाय पाकात टाकू नये. आल्याचा रस पाक चढवतानाच घालावा. शेवटी घातलेला चमचाभर रस म्हणजे पाच ग्रॅम पाणी, आणि पस्तीस ग्रॅमच्या हिशेबात पाच ग्रॅमने सगळं बिघडतं. तीळ मात्र परतताना.

आणि पाक फसलाच तर साखर वाया गेली असं समजू नये. वेळेआधी दाणेदार झाला तर अर्धी वाटी पाणी घालून पुन्हा विरघळवावा. स्फटिक बनणं उलट फिरवता येतं. कांड्यांवर ओलाच राहिला तर कढई पुन्हा मंद आचेवर ठेवून परतावं. फक्त तांबूस होऊन जळका वास यायला लागला की मागे फिरता येत नाही, तिथे साखरेचे रेणूच तुटलेले असतात. तसा पाक फार काळा पडायच्या आत पुडिंगच्या साच्याच्या तळाशी ओतावा, वर अंडी, दूध आणि थोडी साखर फेटून घालावी आणि झाकण घट्ट लावून पाऊण तास वाफवावं.