अमर-काळ अभिनती

निरीक्षणात्मक वैद्यकीय अभ्यासात, म्हणजे उपचार कोणाला द्यायचे हे संशोधक न ठरवता नुसती नोंद ठेवतात तिथे, रुग्णाची नोंद सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा काळ भलत्याच गटात मोजला गेला, की निकाल एका बाजूला झुकवणारी अमर-काळ अभिनती ही चूक होते. अभ्यासकांच्या बोलण्यात ‘इमॉर्टल टाइम बायस’ हेच नाव रुळले आहे. या काळात उपचार गटातला कोणी दगावूच शकत नाही. दगावला असता, तर तो त्या गटात आलाच नसता.

समजा, ठाण्यातल्या एका रुग्णालयातून हृदयविकाराच्या झटक्यानंतर घरी गेलेल्या 200 जणांचा जास्तीत जास्त वर्षभर पाठपुरावा केला; काहींचा तो मध्येच सुटला. त्यातल्या 100 जणांनी डिस्चार्जनंतर सरासरी तीन महिन्यांनी एक गोळी सुरू केली. गोळीआधीची रुग्ण-वर्षे (एका रुग्णाचे एक वर्ष म्हणजे एक रुग्ण-वर्ष) झाली 25. गोळीनंतरच्या 60 रुग्ण-वर्षांत 12 मृत्यू झाले. गोळी न घेतलेल्यांत 70 रुग्ण-वर्षांत 19. ती 25 वर्षे गोळीच्या खात्यात टाकली, तर दर 100 रुग्ण-वर्षांमागे 14.1 विरुद्ध 27.1 मृत्यू दिसतात, म्हणजे गोळीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. तीच वर्षे ‘गोळीविना’ खात्यात, जिथली ती आहेत तिथे, ठेवली की दोन्हीकडे 20 येतात. गोळीचा काडीचाही उपयोग झालेला नाही. ही वर्षे सरळ वगळणे हा तर फसवा उपाय आहे: 20 विरुद्ध 27.1 असा खोटा फायदा उरतोच.

योग्य रीत म्हणजे प्रत्येक रुग्णाला गोळी सुरू होईपर्यंत एका गटात आणि त्या दिवसापासून दुसऱ्या गटात मोजणे. कॉक्स प्रतिमानात, म्हणजे काळानुसार मृत्यूचा धोका मोजणाऱ्या सांख्यिकी पद्धतीत, उपचार हा काळानुसार बदलणारा घटक धरतात. लँडमार्क पद्धतीत एक दिवस, उदाहरणार्थ नव्वदावा, आकडे पाहण्याआधीच ठरवतात. त्या दिवशी हयात असलेल्यांचे तोवरच्या उपचारानुसार गट पाडून मोजणी तिथून सुरू करतात. दिवस फार लवकरचा धरला तर उपचार घेतलेले थोडेच सापडतात. फार उशिराचा धरला तर सुरुवातीचे मृत्यू गळतात.

हृदयप्रत्यारोपणाच्या अभ्यासांतली ही चूक संख्याशास्त्रज्ञ मिचेल गेल यांनी 1972 मध्ये दाखवली: हृदयाची वाट पाहताना दगावलेले रुग्ण ‘प्रत्यारोपण न झालेल्यां’त मोजले जात होते. श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडच्या अभ्यासांतली ती साथरोगतज्ज्ञ सॅमी सुइसा यांनी 2003 मध्ये उघड केली.

यादृच्छिक चाचणीत, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसे रुग्णांचे गट पाडतात तिथे, गटवाटप आणि मोजणी एकाच दिवशी सुरू होत असल्याने ही अडचण सहसा येत नाही. निरीक्षणात्मक अभ्यासात मात्र सगळी मदार तारखांवर असते. कळव्याच्या किंवा ऐरोलीच्या मेडिकलमधून घेतलेल्या पहिल्या पाकिटाची तारीख केसपेपरवर नसते. तिथे पुढच्या ओपीडी भेटीची तारीख धरली, तर गोळीवर काढलेले दिवस, आणि त्या दिवसांतले मृत्यूही, ‘गोळीविना’ खात्यात जातात.