शाळा व नगरांच्या सामाईक सुविधा (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

स्कूल डिस्ट्रिक्ट (ठरावीक परिसरातील सार्वजनिक शाळा चालवणारी संस्था) आणि नगर प्रशासन यांनी करार करून एकत्र बांधलेली किंवा वाटून वापरलेली शाळागृहे, ग्रंथालये, व्यायामशाळा, जलतरण तलाव व मैदाने. शाळेच्या वेळेत विद्यार्थ्यांचा आणि संध्याकाळी, शनिवार-रविवारी व उन्हाळी सुट्टीत नागरिकांचा हक्क, अशी विभागणी सर्वसाधारणपणे आढळते.

अशा कराराची गरज तेथील शासनरचनेतून निर्माण होते. बहुतेक राज्यांत स्कूल डिस्ट्रिक्ट हे नगरापासून स्वतंत्र शासन असते. त्याचे मंडळ मतदार निवडून देतात; त्याला स्वतःचा मालमत्ता कर मिळतो आणि मतदारांच्या संमतीने ते कर्जरोखे काढते. 2022 च्या शासनसंस्था-गणनेत अशी सुमारे 12,500 स्वतंत्र डिस्ट्रिक्ट नोंदली गेली. त्यांच्या हद्दी नगराच्या हद्दीशी जुळतातच असे नाही. बॉस्टन किंवा बाल्टिमोर येथे शाळा नगराच्याच अर्थसंकल्पाचा भाग असतात. इतरत्र मात्र त्याच करदात्याच्या पैशातून शाळेचे एक आणि नगराचे दुसरे मैदान शेजारी-शेजारी उभे राहू शकते.

या प्रथेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. न्यूयॉर्कमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच काही शाळागृहे संध्याकाळी करमणुकीसाठी उघडली जात होती. शाळा हे समाजाचे केंद्र व्हावे, असा विचार शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी 1902 च्या भाषणात मांडला. तरीही बहुतेक इतिहासकार प्रारंभाचा मान न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर या नगराला देतात. तेथे 1907 मध्ये एडवर्ड जे. वॉर्ड यांच्या देखरेखीखाली शाळांत ‘समाजकेंद्रे’ सुरू झाली. प्रौढ नागरिक तेथे वादसभा भरवत, व्यायाम करत आणि नगराच्या कारभारावर उघड टीकाही करत. ही टीका सत्ताधाऱ्यांना रुचली नाही. अनुदान आटले आणि साधारण 1910–11 पर्यंत प्रयोग थंडावला. बॉस्टनमध्ये मेरी पार्कर फॉलेट यांच्या पुढाकाराने 1911 मध्ये ईस्ट बॉस्टन हायस्कूलमध्ये असेच केंद्र उघडले. गॅरी (इंडियाना) येथे 1907 पासून शिक्षणाधिकारी असलेल्या विल्यम वर्ट यांनी तर नव्या शाळांच्या आराखड्यातच तलाव, सभागृह, कार्यशाळा व क्रीडांगण यांचा समावेश केला.

दुसऱ्या मतानुसार खरा आरंभ विस्कॉन्सिनमध्ये झाला. तेथील 1911 च्या कायद्याने शाळागृहांच्या सार्वजनिक वापराला आधार दिला, आणि मिलवॉकीच्या मतदारांनी पुढल्या वर्षी त्यासाठी वेगळ्या कराला मंजुरी दिली. संध्याकाळी दिवे लागलेल्या शाळांचे नगर अशी मिलवॉकीची ख्याती झाली. 1920 ते 1948 या काळात डोरोथी एंडेरिस यांनी शाळा मंडळाचा हा करमणूक-विभाग सांभाळला. नगराच्या करमणूक-कार्यक्रमांचा मोठा भाग आजही तेथे शाळा मंडळच चालवते. रॉचेस्टरचे दार अनुदानाच्या मर्जीवर उघडे होते, तर मिलवॉकीचे कायम उत्पन्नावर. त्यामुळे हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात, मिलवॉकीत सूत्रे एकाच संस्थेकडे होती. दोन संस्थांमधील दीर्घ सहकार्याचे जुने उदाहरण सिॲटलचे होय. तेथे 1929 पासून उद्यान विभाग व शाळा एकमेकांच्या जागा वापरत आहेत.

एकत्र बांधकामाचा विचार कॅलिफोर्नियात विशेष झाला. 1978 च्या ‘प्रपोझिशन 13’ने (मतदारांनी थेट मतदानाने संमत केलेल्या प्रस्तावाने) मालमत्ता कराला मर्यादा घातली आणि दोन्ही संस्थांचे हात आखडले. पुढे 2000 च्या ‘प्रपोझिशन 39’ने काही अटींवर शालेय कर्जरोख्यांसाठी 55 टक्के मते पुरेशी ठरवली, पण मालमत्ता करातून फेडायच्या नगराच्या रोख्यांसाठी दोन-तृतीयांशांची अट कायम राहिली. साहजिकच शाळेच्या रोख्यांतून इमारत उभारणे सुकर झाले. अडचण मात्र बांधकाम-नियमांची असते. लाँग बीचच्या 1933 च्या भूकंपानंतर त्याच वर्षी संमत झालेल्या फील्ड कायद्यानुसार सार्वजनिक शाळांचे आराखडे राज्याच्या वास्तुविशारद विभागाकडून मंजूर व्हावे लागतात आणि बांधकामावर सतत तपासणी असते. नगराच्या इमारतींना हा कायदा लागू नाही. मुले वापरणार असलेल्या सामाईक व्यायामशाळेला कोणता नियम लावायचा, हा प्रश्न म्हणूनच पाया खणण्यापूर्वी सोडवावा लागतो. एमरीव्हिल या चिमुकल्या नगरात 2016 मध्ये शाळा व नगराची समाजकेंद्रे एकाच आवारात सुरू झाली. तेथील डिस्ट्रिक्टने 2010 मध्ये शालेय रोख्यांना मतदारांची मंजुरी मिळवली होती.

टेक्सासमधील ह्यूस्टनचा मार्ग कमी खर्चाचा आहे. नगरसेविका एलिनॉर टिन्स्ली यांनी 1983 मध्ये ‘स्पार्क’ योजना सुरू केली. त्या पूर्वी तेथील शाळा मंडळाच्या अध्यक्ष होत्या, आणि दोन्ही कार्यालयांची ही ओळख निश्चितच उपयोगी पडली असावी. शाळांची मोकळी आवारे सुधारून वस्तीची उद्याने केली जातात. त्यांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आहे.

करारात जमिनीची मालकी, वापराचा अग्रक्रम, विजेचे बिल, विमा, अपघाताची जबाबदारी आणि देखभाल ही कलमे असतात. बहुतेक तंटे देखभालीवरून होतात: हिरवळ दुप्पट वापराने झिजते आणि ती नव्याने लावण्याचा खर्च बांधकामाच्या उत्साहात कोणी धरलेला नसतो. शाळेचे दार एकदा बाहेरच्या गटांना उघडले की केवळ धार्मिक दृष्टिकोनामुळे एखाद्या गटाला नाकारता येत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 व 2001 च्या निकालांत म्हटले.

इंग्लंडमध्ये शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी केंब्रिजशायरसाठी 1924 मध्ये मांडलेल्या व 1930 मध्ये सॉस्टन येथे साकारलेल्या ‘ग्राम महाविद्यालया’शी (एकाच आवारातील शाळा व समाजकेंद्र) या प्रथेचे साम्य आहे.

महाराष्ट्रात मुंबई महानगरपालिका किंवा जिल्हा परिषदा स्वतःच शाळा चालवतात, त्यामुळे त्या शाळांबाबत असा द्विपक्षी करार सहसा लागत नाही. अमेरिकेतील मराठी मंडळांना मात्र ही व्यवस्था परिचयाची आहे. रविवारची मराठी शाळा, गणेशोत्सव किंवा नाट्यप्रयोग यांसाठी अनेक मंडळे शाळांची सभागृहे भाड्याने घेतात. त्यासाठी सहसा विम्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि पुष्कळ ठिकाणी सफाई-कर्मचाऱ्याच्या जादा तासांचे शुल्कही भरावे लागते.