मिचमधला सोडा फुगवण्यासाठी नसतो

मिच, म्हणजे रोमानियातले आवरण नसलेले सॉसेज. दिसायला शीख कबाबासारखे, पण सळई नाही. १ मेच्या सुट्टीला तिकडे जागोजागी कोळशावर हेच भाजत असतात. २०१३ मध्ये युरोपियन युनियनच्या नियमांमुळे यातल्या खाण्याच्या सोड्यावर बंदी येणार अशी बातमी आली आणि रोमानियात केवढी खळबळ माजली, शेवटी मिचसाठी सोड्याला सूट मिळाली. एवढं भांडण कशासाठी? कोणालाही विचारा, उत्तर येतं की सोड्याने भजी फुगतात तसे मिच फुगतात. थोडा गॅस होतो खरा, पण मुख्य काम ते नाहीच.

जनावर मेल्यावर स्नायूंना ऑक्सिजन मिळत नाही, साठवलेल्या ग्लायकोजेनचं (स्नायूतला साखरेचा साठा) लॅक्टिक आम्ल होतं आणि जिवंतपणी ७ च्या आसपास असलेला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जेवढा कमी तेवढं आम्ल जास्त) ५.५ पर्यंत उतरतो. आता गंमत बघा, स्नायूतलं मुख्य प्रथिन मायोसिन, त्याच्यावर धन आणि ऋण असे दोन्ही विद्युतभार असतात आणि पीएच ५ च्या जरा वर ते जवळपास सारखे होतात, म्हणजे एकूण भार शून्य (हाच आयसोइलेक्ट्रिक पॉइंट). भार नाही म्हणून तंतू एकमेकांना ढकलत नाहीत, चिकटून बसतात, मधे पाण्याला जागाच उरत नाही. म्हणजे खाटकाकडून आणलेलं मांस पाणी धरायच्या बाबतीत जवळपास सगळ्यात वाईट जागी असतं! सोडा टाकला की आम्ल कमी होतं, पीएच वर सरकतो, ऋणभार वाढतो, सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, जाळी सैल होते आणि ओतलेला हाडांचा स्टॉक तिच्यात जाऊन बसतो. मीठ मायोसिनला विरघळवतं, तेच भाजताना गोठून खिमा बांधून ठेवतं, म्हणून आवरण लागत नाही.

घरी करायचे तर १ किलो खिमा (गाय आणि मेंढीचा, हल्ली डुकराचाही घालतात), चरबी २० ते २५ टक्के तरी हवीच, मीठ १५ ग्रॅम, सोडा एक सपाट चमचा म्हणजे ५ ग्रॅम, जास्त झाला तर साबणासारखी चव येते. लसूण, मिरी, धने, थाइम. गार स्टॉक २०० मिली, थोडा थोडा घालत हाताला चिकटेपर्यंत मळायचं, मग रात्रभर फ्रिजमध्ये. काही जण सोडा आधी लिंबात फुलवून घेतात, मला ते पटत नाही, कारण लिंबाचं आम्ल जेवढा सोडा खातं तेवढा मांसासाठी उरत नाही. सकाळी ओल्या हाताने ८-१० सेंटीमीटरचे वळायचे.

मोठ्या आचेने रस आत 'सील' होतो हे १९व्या शतकातल्या लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या काळापासून चालत आलंय आणि ते चूक आहे. भाजताना चुरचुर आवाज येतो तो बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच. आच मोठी हवी ती रंगासाठी, अमिनो आम्लं आणि साखर यांची माइलार्ड अभिक्रिया. तीही पीएच वाढला की वेगात होते, म्हणून सोड्याचे मिच लवकर तपकिरी होतात, आत कच्चे असतानाही. आणि उलटंही होतं, पीएच जास्त असला की मायोग्लोबिन (मांसाला लाल रंग देणारं प्रथिन) उष्णतेला तग धरतं, त्यामुळे पूर्ण शिजलेला मिच आतून गुलाबी दिसू शकतो. म्हणजे बाहेरचा रंग फसवतो, आतलाही फसवतो. खिम्याचा मामला आहे, थर्मामीटर घ्या, मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस दिसलं की उतरवा आणि मस्टर्ड-पावाबरोबर गरमच खा.