जुनी लेन्स, नवी बॉडी: माउंटचा इतिहास आणि मिलिमीटरचं गणित

निकॉनने १९५९ साली ‘एफ’ हा कॅमेरा आणला आणि त्याची लेन्स अडकवायची कडी, म्हणजे एफ माउंट, पुढची जवळपास साठ वर्षं आपल्या एसएलआर, म्हणजे आतल्या आरशातून दृश्य दाखवणाऱ्या, कॅमेऱ्यांवर टिकवली. कॅननने १९८७ मध्ये आपला जुना एफडी माउंट सोडून ईएफ हा नवा माउंट आणला. आज सेकंडहँड लेन्स घेणाऱ्या हौशी माणसाला जे प्रश्न पडतात, त्यातले बरेचसे या दोन निर्णयांतून आले आहेत. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, काही वर्षांत बदलतेच. लेन्स हातात राहतात. म्हणून कॅमेरा निवडणं म्हणजे खरं तर माउंट निवडणं.

सगळं गणित एका अंतराचं आहे. कॅमेऱ्याच्या कडीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतच्या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. एसएलआरमध्ये या जागेत आरसा वर-खाली हलतो, म्हणून ती मोठी ठेवावी लागते: निकॉन एफला ४६.५ मिमी, कॅनन ईएफला ४४, एफडीला ४२. लेन्स आपल्या ठरलेल्या अंतरावर बसली तरच दूरचा डोंगर स्पष्ट येतो. निकॉनची लेन्स कॅनन ईएफ बॉडीवर लावायची तर २.५ मिमी जागा उरते, तेवढ्या जाडीची कडी टाकली की काम झालं. एफडी लेन्स ईएफ बॉडीवर मात्र २ मिमी जास्तच लांब बसते. मग जवळचं फूल टिपता येतं, क्षितिज कधीच फोकस होत नाही. मध्ये काच घातलेले अडॅप्टर मिळतात, पण ते चित्राचा दर्जा खाली आणतात. १९८७ मध्ये एफडी लेन्सचा संच बाळगणाऱ्यांची पंचाईत झाली ती यामुळेच.

कॅननने हे पाऊल उचललं ऑटोफोकससाठी. १९८५ च्या मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याने बॉडीतच ऑटोफोकस बसवून बाजार हलवला होता. कॅननने फोकसची मोटर लेन्समध्ये घातली आणि लेन्स-बॉडीमधला सगळा संवाद विजेच्या संपर्कबिंदूंवर सोपवला. निकॉनने जुना माउंट राखला, मोटर बॉडीत ठेवली आणि एका छोट्या स्क्रूने लेन्स फिरवली. ग्राहकाशी इमान राखणारा हा निर्णय होता आणि मला तो आजही आवडतो. त्याची किंमत नंतर चुकवावी लागली. २००६ च्या डी ४० पासून स्वस्त बॉडींमधून ती मोटर काढून टाकली. त्यामुळे ५० मिमी एफ/१.८डी ही लेन्स डी ७२०० वर आपोआप फोकस होते, डी ३४०० वर होत नाही. तिथे हाताने कडी फिरवायची आणि व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका स्थिर झाला की बटण दाबायचं. अशा बॉडीसाठी ‘एएफ-एस’ लिहिलेली ५० मिमी एफ/१.८जी घ्यावी. उलट फसगतही होते: २०१६ पासून आलेल्या ‘एएफ-पी’ लेन्स डी ९०, डी ३२००, डी ५१०० किंवा डी ७००० वर हातानेही फोकस करता येत नाहीत, कारण त्यांची फोकसची कडी विजेवर चालते.

१९७७ चा टप्पाही लक्षात ठेवावा. लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, किती उघडायचं ते बॉडीला कळवणारी ‘एआय’ पद्धत निकॉनने त्या वर्षी आणली. त्याआधीची लेन्स डी ७१०० किंवा डी ७२०० वर जोर लावून फिरवली, तर तिच्या ॲपर्चर कडीचा काठ बॉडीवरच्या छोट्या खटक्यावर आदळतो आणि खटका मोडू शकतो. ओळखायची खूण सोपी आहे. ॲपर्चर कडीवर सशाच्या कानांसारखी धातूची दोन पाती असतात. ती भरीव असतील तर लेन्स जुनी. त्यांना भोकं असतील आणि आकड्यांची दुसरी बारीक ओळ दिसत असेल तर एआय. काही जुन्या लेन्स नंतर कापून एआय केलेल्या असतात, म्हणून काठही तपासावा.

मिररलेसमध्ये आरसाच गेला आणि अंतर एकदम कमी झालं: सोनी ई १८ मिमी, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०. त्यामुळे एसएलआरची जवळजवळ कुठलीही लेन्स अडॅप्टरने बसते. निकॉन एफ ते सोनी ई हा अडॅप्टर २८.५ मिमी जाडीचा हवा. स्वस्तातला जरा जाड निघाला तर दूरचं फोकस होत नाही. किंचित पातळ निघाला तर लेन्स अनंताच्या, म्हणजे सर्वांत दूरच्या, खुणेपुढे जाते, जे चालून जातं. मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर सोडण्याची परवानगी द्यावी लागते, नाहीतर कॅमेरा फोटोच घेत नाही. बॉडीत स्थिरीकरण, म्हणजे हात हलल्याची भरपाई करणारी सोय, असेल तर फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) हाताने भरावी. ५० च्या जागी २०० राहिलं तर चित्र उलट हलतं. एफ लेन्स झेड बॉडीवर बसवणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये स्क्रूची मोटर नाही, म्हणून ५० मिमी एफ/१.८डी सारख्या स्क्रूने फिरणाऱ्या लेन्स झेडवरही हातानेच फोकस कराव्या लागतात.

कॅननच्या बाबतीत १९८७ ची गोष्ट पुन्हा घडली. २०१२ च्या ईएफ-एम माउंटचं अंतर १८ मिमी, २०१८ च्या आरएफचं २०. म्हणजे ईएफ-एम लेन्स आरएफ बॉडीवर साध्या कडीने बसवता येत नाही. जुन्या ईएफ लेन्स मात्र २४ मिमीच्या अडॅप्टरने ऑटोफोकससह चालतात. ईएफ-एम बॉडी स्वस्तात मिळत असेल तर हिशेब आधी करावा: तिच्या लेन्सना पुढची वाट नाही.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेली जुनी लेन्स घेताना ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी असते. ती साफ झाली तरी कोटिंगवर खरवडल्यासारखे डाग राहू शकतात आणि सूर्याकडे तोंड करून घेतलेल्या फोटोत ते उतरतात.