पार्श्वभूमी : कोकण किनाऱ्यावरचे कुंटणखाने, बायणा आणि दोनशे मीटर

कोकणातल्या एखाद्या लॉजवर किंवा स्पावर छापा पडला की बातमीचा साचा ठरलेला असतो. बोगस गिऱ्हाईक पाठवलं, खुणेच्या नोटा दिल्या, पंचांसमक्ष धाड घातली, इतक्या ‘पीडित महिलांची सुटका’, मॅनेजर आणि दलाल अटकेत, ‘पिटा’खाली, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली, गुन्हा दाखल. सुटका झालेल्या बायका पुढे कुठे गेल्या, हे दुसऱ्या दिवशीच्या अंकात शोधू नये. शरीरविक्रय मुळात गुन्हा आहे की नाही, हेसुद्धा ही बातमी वाचून कळत नाही.

सज्ञान बाईने आपल्या मर्जीने तो करणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं, बाईच्या कमाईवर जगणं, तिला धंद्यात आणणं आणि रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत. शिवाय देऊळ-मशीद-चर्च, शाळा, वसतिगृह, इस्पितळ यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत धंदा केला तर खुद्द बाईलाही तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सावंतवाडी, मालवण, चिपळूण, वास्को यांपैकी कोणत्याही गावाचा नकाशा घेऊन असा दोनशे मीटरचा गोल एकेका ठिकाणाभोवती काढून पाहावा, वस्तीत मोकळा कोपरा सापडणं कठीण. कुंटणखान्याची व्याख्याही अशीच घट्ट आहे. दोन बायकांनी मिळून एक खोली घेतली आणि ‘परस्परांच्या फायद्यासाठी’ वापरली, तरी कायद्याच्या लेखी ती खोली कुंटणखाना होते. एकटीने राहावं तर मारहाणीची भीती, दोघींनी राहावं तर कलम तीन. न्यूझीलंडने २००३ साली एका मताच्या फरकाने जो कायदा मंजूर केला, त्यात चारपर्यंत बायका स्वतःसाठी एकत्र काम करत असतील तर त्यांना चालकाचा परवानाही लागत नाही.

जुना इतिहास थोडक्यात. गोव्यात आणि तळकोकणात भाविणींची, म्हणजे देवाला वाहिलेल्या बायकांची, प्रथा होती. तिला सरसकट कुंटणखान्याच्या रांगेत बसवणं चूक आहे, पण सुधारकांनी आणि सरकारांनी तसंच केलं. पोर्तुगीज सरकारने १९३० साली मुली देवाला वाहण्यावर बंदी घातली, मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. या समाजातले लोक स्वतः संघटित होऊन शाळा, संगीत आणि नोकऱ्यांच्या वाटेने बाहेर पडले, ते मात्र कायद्याच्या खात्यावर जमा करू नये.

मुंबईची कहाणी वेगळी. तिथे गोऱ्या शिपायांना आणि खलाशांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून १८६८चा कायदा आला. बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी १८७० पासून सुरू झाली, मध्ये थांबली, पुन्हा आली आणि १८८८ मध्ये रद्द झाली. तपासणी बायकांची, गिऱ्हाइकाची नाही. पुढे १९१७ साली डंकन रोडवरच्या एका घरात एका बाईचा छळ करून खून झाला. त्या खटल्याने शहर हादरलं आणि त्यातून १९२३चा मुंबई इलाख्याचा वेश्याव्यवसाय रोखणारा कायदा आला. स्वतंत्र भारताचा १९५६चा कायदा, म्हणजेच आजचा ‘पिटा’, याच घडणीचा आहे. १९८६ साली त्याचं नाव आणि काही कलमं बदलली, सांगाडा तोच राहिला.

गोवा मुक्त झाल्यावर हा कायदा तिथेही आला. मुरगाव बंदराच्या खनिजवाहतुकीबरोबर वास्कोत बार्जवाले, ट्रकवाले, खलाशी वाढले आणि बायणा किनाऱ्यावरची वस्तीही वाढली. उत्तर कर्नाटक आणि आंध्रातून आलेल्या बायका, पत्र्याच्या खोल्या, घरवाली (धंदा चालवणारी मालकीण), भाड्याचा हिशेब आणि सावकारीचं कर्ज. फोन नाही, ओळख नाही, गिऱ्हाईक सरळ दारात येऊन उभं राहायचं. अल्पवयीन मुलीही तिथे आणल्या जात, ही गोष्ट वस्तीची बाजू घेणाऱ्यांनी कधी पुरेशा जोराने मांडली नाही. नव्वदच्या दशकात एड्सची धास्ती आली तेव्हा मात्र बायणाचं एक मोल कळलं : सगळं एका जागी होतं. निरोध कुठे वाटायचे, रक्ततपासणीला कुणाला बोलवायचं, नवी मुलगी कोणत्या खोलीत आली, हे कार्यकर्त्यांना ठाऊक असे.

या वस्तीचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. न्यायालयाने २००३ साली तिथला धंदा बंद करून बायकांचं पुनर्वसन करायला सांगितलं. पुढच्या वर्षी, १४ जून २००४ रोजी, पाऊस तोंडावर असताना बुलडोझर आले. धंद्याच्या खोल्यांबरोबर शेजारची साधी बिऱ्हाडंही भुईसपाट झाली.

या निर्णयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं होतं की कर्जात अडकलेल्या बाईला ‘तुझी मर्जी काय’ असं विचारणं हीच क्रूर थट्टा आहे आणि खोली उभी असेपर्यंत नवी मुलगी येतच राहणार. हे खोटं नव्हतं. विरोधातल्यांचा मुद्दा क्रमाचा होता. पुनर्वसन आधी, पाडकाम नंतर, असा आदेशाचा अर्थ त्यांनी लावला होता. प्रत्यक्षात पाडकाम एका दिवसात उरकलं आणि पुनर्वसन कागदावर रेंगाळलं. ज्यांना जायला गाव होतं त्या गावी गेल्या, बाकीच्या वास्कोच्याच गल्ल्यांत, गोव्यातल्या इतर गावांत किंवा मुंबईच्या गाडीत बसून पांगल्या. घरवाली आणि दलाल तर पत्ता बदलून मोकळे झाले. आरोग्य कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं बांधलेली साखळी त्या आठवड्यात तुटली.

बाईला एखाद्या जागेतून हुसकावण्याचा अधिकार १९५६च्या कायद्याने दंडाधिकाऱ्यांना दिला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो १९६३ सालीच वैध ठरवला होता. त्यामुळे गोव्यातला निकाल आकाशातून पडला नव्हता. तरीही शेजारच्या बांगलादेशात नेमकं उलटं घडलं होतं, हे त्या वेळी फारसं कुणी सांगितलं नाही. नारायणगंजची टानबाजार वस्ती १९९९ च्या जुलैत पोलिसांनी उठवली. तिथल्या उच्च न्यायालयाने २००० साली ती कारवाई बेकायदा ठरवली आणि या बायकांच्या उपजीविकेच्या हक्काला संरक्षण दिलं. दौलतदियाची वस्ती तर पद्मा नदीच्या फेरीघाटावर ट्रकवाल्यांच्या भरवशावर उभी राहिली, वास्कोची आठवण यावी अशीच.

परदेशातल्या मोकळिकीचे दाखले आपल्याकडे फार ढिलेपणाने दिले जातात. नेदरलँड्सने ऑक्टोबर २००० मध्ये कुंटणखान्यांवरची बंदी उठवली, पण परवाना नगरपालिकेचा. ॲमस्टरडॅममध्ये बाई काचेची खिडकी पाळीने भाड्याने घेते, आणि २००७ नंतर शहराने त्यातल्या बऱ्याच खिडक्या बंद केल्या. जर्मनीत २०१७ पासून चालकाला परवाना, बाईला नोंदणी आणि निरोध सक्तीचा आहे. नोंदणीत नाव लागेल या भीतीने कित्येक जणी बाहेरच राहिल्या. अमेरिकेत फक्त नेवाडातल्या काही ग्रामीण काउंटींत परवानगी आहे, लास वेगसला नाही. स्वीडनने १९९९ पासून गिऱ्हाइकालाच गुन्हेगार ठरवलं.

बायणानंतर आपल्या किनाऱ्यावर खोलीची जागा मोबाइलने घेतली. पनवेलच्या डान्स बारवरून पेटलेल्या वादातून २००५ साली महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी आली, ती रद्दबातल ठरवणारा उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कायम केला. तोवर मुली लॉज, फार्महाऊस आणि स्पाकडे वळल्या होत्या. पोलिसांनाही बोगस गिऱ्हाईक पाठवल्याशिवाय आता काही सापडत नाही.

मे २०२२ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाबद्दलही घोळ झाला. ‘छाप्यात बायकांना अटक करू नका, न्यायालयाचा आदेश’ असे मथळे सगळीकडे झळकले. न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या दहा शिफारशींपैकी सहा तातडीने पाळायला सांगितल्या होत्या : पोलिसांनी नीट वागावं, निरोध पुरावा म्हणून धरू नये, बातमीत ओळख उघड करू नये वगैरे. अटक न करण्याची शिफारस उरलेल्या चारांत होती, जिच्यावर केंद्र सरकारने हरकत नोंदवली होती.

म्हणून आजही छाप्यात सापडलेली सज्ञान बाई आरोपी नसली तरी दंडाधिकाऱ्यांपुढे उभी राहते, आणि कलम सतरानुसार तिला एक ते तीन वर्षं सुधारगृहात ठेवता येतं. मालाडच्या अशाच एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन तरुणींना सोडायला सांगितलं. तोवर त्या वर्षभर आत होत्या.