दिवस मोठा तर नर, दिवस लहान तर मादी

एक्स आणि वाय गुणसूत्रांची जोडी जमली की लिंग ठरलं, विषय संपला. शाळेत शिकलेला हा नियम आपण नकळत सगळ्या प्राण्यांना लावून टाकतो. मगरींमध्ये आणि बऱ्याच कासवांमध्ये तो चालत नाही, तिथे अंड्याभोवतीचं तापमान लिंग ठरवतं, हे अनेकांच्या कानावर आलेलं असतं. पण माझा सगळ्यात आवडता अपवाद जेमतेम एक-दोन सेंटिमीटर लांबीचा आहे. कोळंबीच्या दूरच्या नात्यातला, दोन्ही बाजूंनी चपटा असलेला हा कवचधारी प्राणी उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवर, नदीमुखांच्या मचूळ पाण्यात दगडांखाली आणि शेवाळात राहतो. नाव गॅमारस ड्युबेनाय.

नदीमुखात राहणं सोपं नाही. समुद्राच्या किलोभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात जवळजवळ नसतात, आणि भरती-ओहोटीबरोबर हे प्रमाण सतत वरखाली होतं. म्हणून युरोपातल्या नदीमुखांत गॅमारसच्या जातींनी जणू हद्दी आखून घेतल्या आहेत: गोड्या पाण्यात पुलेक्स, समुद्राच्या दिशेने त्यापुढे झाडाखी, मग सॅलिनस, समुद्राच्या तोंडाशी लोकस्टा. ड्युबेनाय मात्र खारटपणातले मोठे चढउतार सोसतो. बाहेरचं पाणी गोडं झालं की परासरणाने ते अंगात घुसू लागतं. तेव्हा हा प्राणी पातळ लघवी करून जादा पाणी काढून टाकतो आणि कल्ल्यांवाटे क्षार परत ओढून घेतो.

आता मूळ मुद्दा. मादीने कात टाकली की तिचं कवच थोडा वेळ मऊ असतं, आणि मिलन तेवढ्याच वेळात होऊ शकतं. ही संधी हुकू नये म्हणून नर कित्येक दिवस आधीच मादीला पायांत पकडून सोबत वागवतो. ती अंडी सोडते पोटाखालच्या पिशवीत, आणि पिल्लं तिथेच वाढून आईबापांच्या छोट्या प्रतिकृतीसारखी बाहेर पडतात. हे वागवणं धट्ट्याकट्ट्या नराला जमतं. मादी मोठी असेल तर अंडी जास्त, म्हणजे आकाराचा फायदा तिलाही आहेच, पण नराला तो अधिक होतो. मग हंगामाच्या सुरुवातीला जन्मून वाढायला भरपूर वेळ मिळणाऱ्या पिल्लांनी नर व्हावं आणि उशिरा आलेल्यांनी मादी, हा हिशेब बरोबर बसतो. घडतंही तसंच. पिशवीतून बाहेर पडल्यानंतरच्या काही आठवड्यांत दिवस मोठे असतील तर जास्त नर होतात, लहान असतील तर जास्त माद्या.

(यावरून कोणी मुलगा होण्यासाठी तिथी-नक्षत्रांचे तोडगे शास्त्रसिद्ध ठरवू नयेत. माणसात हा निकाल शुक्राणूतल्या गुणसूत्राने लागतो. पंचांगाला तिथे काम नाही.)

प्रकाशाचा हा निरोप शरीरात अंमलात कसा येतो? १९५४ मध्ये एलेन शार्नियो-कोताँ या फ्रेंच संशोधिकेने ऑर्केस्टिया या गॅमारसच्या भाईबंदात नरांची एक विशेष ग्रंथी शोधली. ती मादीत बसवली तर मादीत नराची लक्षणं उमटू लागली. ही अँड्रोजेनिक ग्रंथी वाढली तर नर, न वाढली तर मादी. म्हणजे मादी होणं ही मूळची वाट, नर होण्यासाठी वेगळा हुकूम लागतो.

आणि हा हुकूम अडवणाराही कोणीतरी आहे. नोसेमा ग्रॅन्युलोसिस हा मायक्रोस्पोरिडिया या बुरशीच्या नात्यातल्या सूक्ष्मजीवांच्या गटातला परजीवी पेशींच्या आत राहतो आणि आईच्या अंड्यातूनच पुढच्या पिढीत जातो. शुक्राणूतून त्याला प्रवास नाही, म्हणजे नराच्या अंगात अडकला की त्याचा वंश खुंटला. म्हणून तो अँड्रोजेनिक ग्रंथी घडूच देत नाही. उन्हाळ्याच्या लांबलचक दिवसांत जन्मलेलं, एरवी नर झालं असतं असं पिल्लूही मग मादी होतं, आणि मोठेपणी परजीवी आपल्या अंड्यांतून पुढे पोचवतं. अशा वसाहतीत माद्यांचं पारडं जड होतं. तिथली नर-मादी मोजणी नुसत्या ऋतूवरून समजावता येत नाही, आधी किती माद्या बाधित आहेत ते तपासावं लागतं.